रॅम वाढवली तरी सर्व्हर का अडतो?

जुलै संपत आला की बीड जिल्ह्यातल्या सीएससी केंद्रांवर एकच वाक्य कानी येतं: "सर्व्हर डाऊन हाय." 2023 च्या खरिपात एका रुपयात पीकविमा सुरू झाला आणि अर्जांची 31 जुलैची मुदत 3 ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. रांगेत कुणीतरी जाणकार असतोच. त्याचं निदान ठरलेलं: "रॅम कमी पडतीय."

साइट अडण्यामागे नेटवर्क असू शकतं, ओटीपी असू शकतो. पण मेमरीबद्दलचे रांगेतले समज पतसंस्थांचे आणि साखर कारखान्यांचे डेटाबेस सांभाळणाऱ्यांतही आढळतात.

रॅम बसवली की डेटाबेस ती आपणहून वापरतो, हा त्यातला पहिला. मायएसक्यूएलचा बफर पूल, म्हणजे डेटाची पानं ठेवण्याची मेमरीतली जागा, मुळात 128 एमबीचा असतो. मशीनमध्ये 64 जीबी असली, तरी सेटिंग बदलेपर्यंत तो तेवढाच राहतो. पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफर्सचा मूळ आकडाही 128 एमबीच. फक्त त्याला ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशचा आधार मिळतो.

मग दुसरं टोक: सगळी रॅम देऊन टाका. स्वतंत्र सर्व्हरवर मायएसक्यूएलला 80 टक्क्यांपर्यंत रॅम देता येते. पोस्टग्रेसला मात्र सुरुवात 25 टक्क्यांनी करावी. 40 च्या पुढे सहसा फायदा होत नाही, कारण तीच पानं लिनक्सही आपल्या कॅशमध्ये ठेवत असतं. एकाचा आकडा दुसऱ्याला चिकटवणाऱ्यांची संख्या काही कमी नाही.

खरा घात होतो तो पोस्टग्रेसच्या वर्क मेम या सेटिंगमध्ये. ही मेमरी सगळ्या सर्व्हरला मिळून एकदाच लागते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती प्रत्येक कनेक्शनच्या प्रत्येक सॉर्टिंगला किंवा हॅशिंगला वेगळी लागते. मूळ आकडा 4 एमबी. समजा, 16 जीबीच्या मशीनवर शेअर्ड बफर्सला 4 जीबी दिले आणि अहवाल लवकर निघावेत म्हणून वर्क मेम 64 एमबी केला. एरवी दहा-वीस जण काम करतात, सगळं सुरळीत. शेवटच्या दिवशी 200 कनेक्शनांनी एकाच वेळी एकेक सॉर्टिंग मागितलं, तर 12.5 जीबी तिथेच गेले. एकूण साडेसोळा! मग लिनक्सचा ओओएम किलर जागा होतो आणि डेटाबेसचीच प्रक्रिया मारून टाकतो. म्हणजे वेगासाठी वाढवलेल्या आकड्यानंच सर्व्हर पडतो. जड अहवालापुरता, त्या एका सेशनमध्ये हा आकडा वाढवता येतो, ही सोय फार थोडे वापरतात.

'फ्री' मेमरी थोडीच दिसते म्हणून घाबरण्याचंही कारण नाही. लिनक्समध्ये 'अव्हेलेबल'चा रकाना पाहावा.

आणि इंडेक्सच नसेल, तर? एका गट क्रमांकासाठी अकराही तालुक्यांच्या नोंदींचा अख्खा तक्ता वाचला जातो. मेमरी वाढवून ते वाचन जरा वेगानं होईल, टळणार नाही. 'एक्सप्लेन' आदेश दिला की हे काही सेकंदांत समजतं.

यातलं काहीच न पाहता सर्व्हर बंद-चालू करण्याची सवय सगळीकडे आहे. त्यानं अडकलेली कनेक्शनं सुटतात हे खरं, पण तापलेला बफर पूल रिकामा होतो. मायएसक्यूएल 5.7 पासून बंद होताना अलीकडे वापरलेल्या पानांपैकी 25 टक्क्यांची यादी जपून ठेवतो आणि चालू झाल्यावर ती पानं पुन्हा भरतो. उरलेली डिस्कवरूनच आणावी लागतात, तीही ऐन गर्दीत.