पिशवी फुगली नाही तर?

काही वर्षांपूर्वी पुण्याहून दिल्लीला विमानाने जाण्याचा योग आला. माझ्या शेजारच्या खुर्चीवर सत्तरीच्या पुढच्या एक आजी बसल्या होत्या. विमानाचा त्यांचा हा पहिलाच प्रवास. दारे बंद झाली, विमान सावकाश मागे सरकू लागले आणि मधल्या वाटेत उभ्या राहिलेल्या सेविकेने कमरेचा पट्टा कसा बांधावा, संकटकाळी बाहेर पडण्याची दारे कोठे आहेत, हे हातवारे करून दाखवायला सुरुवात केली. आजी मान उंच करून, कीर्तनाला बसल्यासारख्या एकचित्ताने पाहत होत्या. आमच्या मागच्या रांगेत मात्र दोन गृहस्थांची जमिनीच्या भावांवर मोठ्याने चर्चा रंगली होती. प्रात्यक्षिक संपले. आजींनी माझ्याकडे वळून विचारले, "अहो, त्या मुखवट्याला ती पिशवी असते ना, ती फुगली नाही तर काय करायचं?"

मी गप्प बसलो. मागच्या गृहस्थांनाही उत्तर ठाऊक नव्हते, जरी दोघेही महिन्यातून चार वेळा विमानात बसणारे होते. गंमत अशी, की आजींच्या प्रश्नाचे उत्तर त्या सूचनेतच होते. पिशवी फुगलेली दिसली नाही तरी प्राणवायू येत असतो, असे एक वाक्य त्यात असते. ते वाक्य आमच्या कानांपर्यंत पोहोचलेच नाही. जमिनीच्या भावात ते बुडून गेले.

विमानातील सूचना चालू असताना गप्प बसावे, हा शिष्टाचार आहे असे आपण मानतो. पण हा शिष्टाचार नेमका कोणासाठी? सेविकेसाठी तर आहेच. आपल्याकडे पूर्वी तिला 'हवाईसुंदरी' म्हणत आणि त्या नावामुळे तिच्या खऱ्या कामावर पडदाच पडला. चहा-फराळ देणे हे तिचे दुय्यम काम आहे. संकटात माणसे जिवंत बाहेर काढणे हे तिचे मुख्य काम, आणि त्यासाठी तिला कसून प्रशिक्षण मिळालेले असते. पण सेविकेपेक्षाही हा शिष्टाचार शेजारच्या माणसासाठी अधिक आहे. का, ते समजण्यासाठी त्या चार-पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकामागचे विज्ञान पाहू.

रक्तातला प्राणवायू उलटा वाहतो

आधी आजींच्या पिशवीकडे वळू. प्रवासी विमाने साधारणपणे ३५,००० फुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे साडेदहा किलोमीटर उंचीवरून उडतात. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एकचतुर्थांश असतो. आकड्यांत सांगायचे तर समुद्रसपाटीला तो पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, तर तेथे सुमारे १८० मिलिमीटर. हवेत प्राणवायूचे प्रमाण दोन्हीकडे २१ टक्केच असते. म्हणजे खाली प्राणवायूचा स्वतःचा दाब सुमारे १६० मिलिमीटर भरतो आणि वर अवघा ३८.

विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असल्यामुळे आपल्याला हे जाणवत नाही. आतली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असावी इतपत असते. आपले कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच आहे. त्याहून थोडे उंच चढून गेल्यासारखेच हे झाले. पण काही बिघाड होऊन ही दाबलेली हवा निसटली, तर? 'मी श्वास रोखून धरीन' असे कोणी म्हणेल. ते जमणार नाही, आणि त्याचे कारण मोठे मजेशीर आहे.

वायू नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो. शरीरभर फिरून फुफ्फुसांकडे परत येणाऱ्या रक्तातही थोडा प्राणवायू उरलेला असतो आणि त्याचा दाब सुमारे ४० मिलिमीटर असतो. एरवी फुफ्फुसांतील हवेत प्राणवायूचा दाब याच्या अडीचपट असतो, म्हणून तो हवेतून रक्तात शिरतो. पण ३५,००० फुटांवर फुफ्फुसांतल्या हवेत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांचा वाटा वजा केला, तर प्राणवायूचा दाब ३० मिलिमीटरचाही उरत नाही. साहजिकच प्रवाह उलटतो. रक्तातला प्राणवायूच फुफ्फुसांत येऊ लागतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर जातो! अशा स्थितीत माणूस शुद्धीवर राहून सुचेल तसे काम करू शकतो, ते फक्त अर्धा ते एक मिनिट. त्यातून आणखी एक धोका असा, की प्राणवायू कमी पडू लागला म्हणजे गुदमरल्यासारखे वाटेलच असे नाही. उलट हलके, आनंदी वाटू लागते आणि आपले काही बिघडले आहे हेच मेंदूला कळत नाही.

'आधी स्वतःचा मुखवटा लावा, मग मुलाचा' ही सूचना पुष्कळांना स्वार्थी वाटते. आता तिचा अर्थ ध्यानात येईल. मुलाशी झटापट करण्यात आईची तीस सेकंदे गेली तर दोघेही बेशुद्ध पडतील. आईने पाच सेकंदांत स्वतःचा मुखवटा लावला, तर मुलाला सावरायला ती शुद्धीवर असेल.

हा प्राणवायू येतो कोठून? पुष्कळ विमानांत डोक्यावरच्या कप्प्यात एक लहानसे नळकांडे असते आणि त्यात मुख्यतः सोडियम क्लोरेट हा क्षार व थोडी लोखंडाची पूड असते. मुखवटा खाली ओढला की दोरीला ताण बसून एक खटका सुटतो आणि रासायनिक क्रिया सुरू होते. क्लोरेट तापून त्याचे साधे मीठ होते आणि प्राणवायू मोकळा होतो. म्हणून 'मुखवटा आपल्याकडे ओढा' असे मुद्दाम सांगतात. नुसता तोंडाजवळ धरून उपयोग नाही, ओढल्याशिवाय खटका सुटत नाही. नळकांडे चांगलेच तापते आणि जळका वासही येतो. ज्याने सूचना ऐकलेली नाही त्याला वाटते, आग लागली! हा प्राणवायू सुमारे बारा ते पंधरा मिनिटे पुरतो. तेवढ्या अवधीत वैमानिक विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आणतो, जेथे मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो.

आणि पिशवी? ती फुगा नव्हे, साठवण आहे. नळीतून प्राणवायू एकसारखा येत असतो. आपण श्वास सोडत असतो तेव्हा तो पिशवीत साठतो आणि श्वास घेताच पिशवी रिकामी होते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे पिशवी फुगायला सवडच मिळत नाही. ती चपटी दिसली म्हणून मुखवटा काढून टाकणे हीच खरी चूक.

१७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्ट कंपनीच्या एका विमानाच्या इंजिनाचे पाते आकाशात तुटले, खिडकी फुटली आणि मुखवटे खाली आले. आत काढलेल्या छायाचित्रांत अनेक प्रवाशांनी मुखवटा फक्त तोंडावर लावलेला दिसतो, नाक उघडेच! नाक आणि तोंड दोन्ही झाकायचे, हे प्रात्यक्षिकात प्रत्येक वेळी दाखवतात.

नव्वद सेकंदांचा हिशेब

नवे मोठे विमान वापरात आणण्यापूर्वी एक कसोटी द्यावी लागते. सगळे प्रवासी आणि कर्मचारी, अर्ध्याच दारांतून, अंधारात, ९० सेकंदांच्या आत बाहेर पडू शकतात हे सिद्ध करावे लागते. एअरबस ए-३८० या दुमजली विमानाची ही कसोटी मार्च २००६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्ग येथे झाली. सोळापैकी आठ दारांतून ८७३ माणसे ७८ सेकंदांत बाहेर आली. म्हणजे दर दाराला सुमारे १०९ माणसे, आणि सेकंदाला १.४ माणसे!

आता थोडे गणित करा. एका प्रवाशाने वरच्या कप्प्यातली बॅग काढायला वाट अडवून पाच सेकंदे घेतली, तर तेवढ्या वेळात बाहेर पडू शकणारे सात जण त्याच्यामागे खोळंबतात. एकाच दाराकडे निघालेल्या १०९ जणांपैकी वीस जणांनी एकामागून एक हेच केले, तर शंभर सेकंदे नुसती बॅगांत गेली. कसोटीची एकंदर मुदतच नव्वद सेकंदांची आहे.

पण नव्वदच का? कारण बाहेर लागलेली आग विमानाच्या आत शिरायला फार वेळ घेत नाही, आणि जळत्या आसनांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. विमानाच्या आगीत माणसे भाजून मरतात त्याहून धुराने अधिक मरतात.

२२ ऑगस्ट १९८५ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टरच्या विमानतळावर याचा दारुण प्रत्यय आला. उड्डाणापूर्वीच बोइंग ७३७ विमानाच्या इंजिनाला आग लागली. विमान जमिनीवरच होते, ते थांबवता आले, अग्निशामक दलही जवळच होते. तरी आतील १३७ पैकी ५५ जण मरण पावले, बहुतेक धुराने. पंखावर उघडणाऱ्या संकटकालीन दारापाशी बसलेल्या प्रवासिनीने दार उघडण्याचा प्रयत्न केला. पण घाईत तिने खटक्याऐवजी दाराला जोडलेला खुर्चीचा हातच ओढला. शेजारणीने हात लांबवून वरचा खटका ओढला, तेव्हा सुमारे २२ किलो वजनाची ती झडप आत कोसळून पहिलीच्या अंगावर पडली. ते दार मोकळे होईपर्यंत मोलाचा वेळ गेला. तिला दोष देता येणार नाही. ते दार कसे उघडते हे तिला कोणी नीट सांगितलेच नव्हते. आज अशा दाराशेजारी बसणाऱ्याला सेविका स्वतः येऊन समजावून सांगते. जमिनीलगत वाट दाखवणारे दिवे लावण्यासारख्या सुधारणांनाही या दुर्घटनेनंतर चालना मिळाली. धूर वर साचतो, म्हणून दिवे खाली.

याच्या उलट चित्र २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसले. उतरणारे जपानी प्रवासी विमान धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले व पेटले. तटरक्षक दलाच्या विमानातील सहापैकी पाच जण दगावले. प्रवासी विमानात ३७९ माणसे होती. आतली ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली, आठपैकी तीनच दारे वापरता आली. सेवकांनी हातातल्या कर्ण्यांवरून आणि ओरडून सूचना दिल्या, आणि प्रवाशांनी सामान जागेवर सोडून त्या ऐकल्या. सगळे बाहेर यायला नव्वद सेकंद नव्हे, सुमारे १८ मिनिटे लागली. तरी ३७९ च्या ३७९ माणसे वाचली. विमान मात्र पूर्ण जळून गेले.

जाणत्यांचे अज्ञान

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कजवळ पक्षी आदळून दोन्ही इंजिने निकामी झालेले विमान वैमानिकाने हडसन नदीवर उतरवले. आतील १५५ जण वाचले. पुढे चौकशीत आढळले, की सुमारे ७० टक्के प्रवाशांनी त्या दिवशीचे प्रात्यक्षिक अजिबात पाहिले नव्हते. बहुतेकांचे कारण एकच: आम्ही नेहमी विमानाने जातो, आम्हाला माहीत आहे. प्रत्यक्षात प्राणरक्षक जाकीट पट्ट्यासकट नीट बांधून बाहेर आलेले प्रवासी अगदी मोजके होते.

जाकीट विमानातून बाहेर पडतानाच फुगवायचे, आत नाही, यामागे आर्किमिडीजचा नियम आहे. आत पाणी शिरू लागले की फुगलेले जाकीट माणसाला छतापर्यंत उचलते. दार पाण्याखाली गेले असेल, तर बुडी मारून तेथवर पोहोचणे त्याला अशक्य होते. नोव्हेंबर १९९६ मध्ये अपहरण झालेले इथिओपियाचे एक विमान इंधन संपून कोमोरो बेटांजवळ समुद्रात कोसळले, तेव्हा आतच जाकीट फुगवलेले काही प्रवासी असेच अडकून बुडाले.

कमरेच्या पट्ट्याचेही असेच. मोटारीत बटण दाबून पट्टा सुटतो, विमानात पत्र्याची झडप उचलावी लागते. घाबरलेला हात सवयीचे काम करतो आणि नसलेले बटण शोधत बसतो. म्हणून मी आता विमानात बसलो की पट्टा दोनदा उघडून लावतो, आणि जवळच्या दारापर्यंत किती रांगा आहेत ते मोजतो. धुरात डोळे निकामी ठरले तर खुर्च्यांच्या पाठी हाताने मोजता येतात. शेजारचे हसतात, हसोत बापडे.

ही सगळी माहिती आमच्या आजींना त्या दिवशी एकदाच, तीही हिंदीत आणि इंग्रजीत मिळणार होती. मागच्या दोघांनी ती पूर्वी कितीदा ऐकली होती, याचा आजींना काय उपयोग?

शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग वर्गात करता येईल. चाळीस विद्यार्थी, एकच दार. शिट्टी वाजताच न धावता, न ढकलता बाहेर पडायचे आणि घड्याळावर वेळ मोजायची. दुसऱ्या खेपेला प्रत्येकाने बाकाखालचे दप्तर घेऊन निघायचे. तिसऱ्या खेपेला सर्वांनी दप्तरे जागेवर सोडायची. फक्त दारापासून तिसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याने आपले दप्तर घ्यायचे. तिन्ही वेळा फळ्यावर लिहा, आणि तिसऱ्या खेपेला त्या एका दप्तरामागे किती जण थांबले ते मोजा.