दहा पाकिटांची उसळी

बाळांना डायपर लागतात ते वर्षभर जवळपास सारखेच. तरीही पॅम्पर्स बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलला एक कोडं पडलं होतं. दुकानांतली विक्री जेमतेम हलायची, पण वितरकांच्या ऑर्डरी चांगल्याच वरखाली व्हायच्या आणि कंपनीची कच्च्या मालाची मागणी तर त्याहूनही जास्त.

यात कुणाचीच हलगर्जी नसते. हिशेबच करून पाहू. दुकानदार, वितरक आणि कारखाना, तिघंही दोन आठवड्यांचा साठा ठेवतात. आठवड्याची विक्री 100 पाकिटं. ती एकदा 110 झाली. दुकानदार गेलेली 110 भरतो आणि साठा 200 वरून 220 करायचा म्हणून आणखी 20 मागवतो: 130. वितरकाला मागणीच 130 झालेली दिसते. त्याच नियमानं तो 190 मागवतो आणि कारखाना 370 पाकिटांचा कच्चा माल! पुढच्या आठवड्यातही विक्री 110 च राहिली, तर दुकानदार 110 मागवतो, वितरक 70 आणि कारखाना चक्क काहीच नाही.

यालाच 'बुलव्हिप इफेक्ट' म्हणतात. एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी 1961 च्या 'इंडस्ट्रियल डायनॅमिक्स' या ग्रंथात दाखवून दिलं, की असे चढउतार साखळीच्या रचनेतूनच, माहिती आणि माल पोहोचायला लागणाऱ्या वेळातून जन्मतात. माणसं बदलून ते थांबत नाहीत.

मोठ्या कंपन्यांच्या प्रचंड गोदामांचं आणि रोबोंचं कौतुक फार होतं. माझ्या मते खरं यश त्याआधीचं आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि वॉलमार्ट यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस हातमिळवणी केली आणि काउंटरवरच्या विक्रीचे आकडे थेट उत्पादकाकडे जाऊ लागले. पुढं प्रॉक्टर अँड गॅम्बलनं व्यापाऱ्यांना अधूनमधून दिली जाणारी घसघशीत सूटही कमी केली, कारण सूट मिळाली की व्यापारी माल भरून ठेवतात आणि नंतर महिनोन्‌महिने ऑर्डरच देत नाहीत. हे पाऊल मला जास्त धाडसाचं वाटतं. त्यासाठी व्यापाऱ्यांची नाराजी पत्करावी लागते.

जिथं असा विश्वास नाही, तिथं ही उसळी आजही येते. 2021 च्या चिपटंचाईत मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यावं म्हणून अनेक ग्राहक कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त ऑर्डरी नोंदवल्या. 2022 च्या उत्तरार्धात फोन आणि संगणकांच्या चिपचे साठे गोदामांत पडून राहिले.