कवायतीच्या मैदानावरचं हसू

भाऊबीजेनंतर पूर्व विदर्भातल्या सानगडीच्या पंचक्रोशीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात. दिवसा दंडार हे लोकनाट्य, कुठे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरतात आणि झाडीपट्टीचा, म्हणजे या जंगलपट्ट्याचा, प्रेक्षक तिकीट काढून रात्रभर बसतो. नाटक कितीही रडवणारं असो, त्यात विनोदी पात्राला हक्काची जागा असते. याच प्रदेशातल्या पुष्कळ घरांत सैनिकी शाळेच्या सहावीतल्या प्रवेशाची तयारीही चाललेली असते. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 सालची. चंद्रपूरची 2019 साली सुरू झाल्यापासून हे स्वप्न झाडीपट्टीच्या दाराशी आलं आहे. म्हणूनच कडक लष्करी शाळेतल्या मुलांच्या बंडावरचं धमाल नाटक याच रंगमंचावर यायला हवं, असं मला वाटतं.

अशा विनोदाला मराठीत पूर्वज आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली 1937 साली. पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आला. एका भाषणाने भारावून औदुंबर ब्रह्मचर्याची शपथ घेतो, व्यायामाला लागतो, आश्रमात जातो आणि किशोरी समोर येताच त्याचा सगळा निर्धार ढासळतो. अत्रे इथे बळकट शरीराला हसत नाहीत. माणसाचा स्वभाव नियमांखाली दडपता येतो, या समजुतीला हसतात. मराठीबाहेरही असा पूर्वज सापडतो. फ्रान्समध्ये ज्याँ विगो याने 1933 साली ‘झेरो द काँद्यूत’ हा वसतिशाळेतल्या मुलांच्या बंडाचा छोटा चित्रपट केला. त्यात उशा फाडून पिसं उधळणारी, छपरावर चढून समारंभातल्या पाहुण्यांवर वस्तू फेकणारी मुलं आहेत. शाळा लष्करी नाही, पण तिथला धाक तसाच. सरकारने चित्रपटावर बंदी घातली आणि ती दुसरं महायुद्ध संपेपर्यंत टिकली. पाऊण तासाच्या खोडकरपणाची सत्तेला एवढी धास्ती वाटावी, यातच त्या विनोदाची ताकद दिसते.

यावर रास्त आक्षेप येईल: शेतमजुराच्या पोरीपोरांना वर चढायला जी शिडी मिळते, तिचीच टिंगल का करायची? ही काळजी मला खरी वाटते. पण पहाटे उठणं, धावणं, अभ्यासाची वेळ पाळणं यांची टिंगल करून नाटक उभंच राहणार नाही. कष्ट ओळखणारा प्रेक्षक त्यावर हसायचा नाही. हसू येईल ते साहेब येणार म्हणून दगडांना चुना फासायला लावणाऱ्या, प्रश्न विचारला की शिक्षा देणाऱ्या आणि स्वतः मात्र उशिरा येणाऱ्या अधिकाऱ्याचं. मुलं बिघडतील, हा दुसरा आक्षेप. खोड्या मुलांना नाटकाने शिकवाव्या लागत नाहीत. उलट अन्यायाविरुद्ध एकजूट करणाऱ्या, एकाची शिक्षा सगळ्यांनी वाटून घेणाऱ्या पोरांत पलटणीला लागणारा जिव्हाळाच दिसतो. लेखकाने एवढं मात्र सांभाळावं, की शेवटच्या अंकात मुलांना माफी मागायला लावू नये. त्यांचं गाऱ्हाणं खरं असेल, तर ते अधिकाऱ्याला भर मैदानात ऐकावं लागू दे.