आकाशांतलें आरमार

पटावरचे खेळ आपल्या घरांस नवे नाहींत. सोंगट्या, गंजिफा, बुद्धिबळें यांनीं मागील पिढ्यांच्या दुपारी गोड केल्या. आणि बुद्धिबळाच्या नादांत जेवणाचीं चार-चार बोलावणीं फुकट घालविणारे आजोबा ज्या घरांत झाले नाहींत असें घर विरळाच. तरीहि डाव संपला, सोंगट्या पिशवींत गेल्या, कीं खेळ आटोपला. मारला गेलेला हत्ती दुसऱ्या डावांत पुन्हां आपल्या घरांत उभा असे. ज्या खेळाविषयीं आज आम्ही लिहीत आहों त्यांत मात्र गेलेला हत्ती परत येत नाहीं, आणि २००३ सालच्या मे महिन्यांत मांडलेला डाव अद्याप चालूच आहे.

ह्या खेळाचें नांव ‘ईव्ह ऑनलाइन’. महाविद्यालयांत शिकणारा आमचा पुतण्या तो गेलीं दोन वर्षें खेळत आहे, त्यामुळेंच आमचा त्याच्याशीं परिचय. बंदुकीचे बार काढण्याचा हा आणखी एक पोरखेळ असेल अशी आमची प्रथम समजूत होती. एके रात्रीं दीड वाजतां पाणी पिण्यास उठलों, तों त्याच्या खोलींत दिवा जळत होता. आंत डोकावलों तर पडद्यावर लढाई नव्हती. एखाद्या पेढीच्या खतावणीसारखा आंकड्यांचा तक्ता होता. “काका, रागावूं नका,” तो म्हणाला, “खनिजाचे भाव पाहतों आहें. उद्यां उतरतीलसें वाटतें.” आम्ही रागावलों, हें सांगणें नकोच. परंतु कुतूहलहि वाटलें, आणि पुढील कांहीं रविवार त्याच्या शेजारीं खुर्ची टाकून बसलों.

खेळ आइसलंडांतला. चार लक्षांहून कमी वस्तीच्या त्या बेटांतील रेक्याविक शहरीं सीसीपी नांवाची कंपनी तो चालविते. भांडवल उभें करण्यासाठीं ह्या मंडळींनीं आधीं १९९८ सालीं एक साधा पटावरचा खेळ काढून विकला होता. ईव्हमधील आकाश अफाट आहे. त्यांत सात हजारांहून अधिक सूर्यमाला आहेत. पण खरें वैशिष्ट्य विस्ताराचें नव्हे. इतर असल्या खेळांत गर्दी झाली कीं त्याच जगाच्या अनेक प्रती काढून खेळाडू वांटून देतात. येथें पृथ्वीवरील बहुतेक सर्व देशांचे खेळाडू एकाच आकाशांत वावरतात. चीनकरितां तेवढें निराळें आकाश ठेवलें आहे. म्हणून येथें केलेली गोष्ट सर्वांच्या देखत होते आणि लक्षांत राहते.

ह्या जगांत कंपनी पुरविते तें थोडें. बाकीचें खेळाडूंनींच उभारावयाचें. कोणी लघुग्रह फोडून खनिज काढतो, कोणी तें वाहून नेतो, कोणी त्यापासून जहाज बांधतो, कोणी तें जिता नांवाच्या मोठ्या बाजारपेठेंत विकतो. भाव ठरतात ते मागणी-पुरवठ्यानें. हा व्यवहार इतका वाढला कीं २००७ सालीं कंपनीनें एयॉल्फुर गुडमुंडसन ह्या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक करून त्याजकडे चलनवाढीवर नजर ठेवण्याचें काम सोंपविलें. हे गृहस्थ पुढें अकुरेरी येथील विद्यापीठाचे प्रमुख झाले. खेळाडूंनीं मतदानानें निवडलेलें एक मंडळहि २००८ पासून आहे. त्याचे सभासद रेक्याविकला जाऊन कंपनीशीं वाद घालतात.

विद्येची व्यवस्था आम्हांस विशेष आवडली. एखादें मोठें जहाज हांकण्याची विद्या घड्याळाच्या खऱ्या वेळानें येते. खेळाडू झोंपलेला असला तरी ती चालू राहते, पण घाई करतां येत नाहीं. कांहीं विद्यांस महिनेच्या महिने लागतात. २०१६ पासून मात्र अशी तयार विद्या विकत मिळूं लागली. ही गोष्ट कित्येक जुन्या खेळाडूंस रुचली नाहीं, व आम्हांसहि रुचली नाहीं.

आतां ह्यांत गोडी कशाची? आमच्या मतें ती नुकसानीची आहे. जहाज बुडालें कीं बुडालें; विमा उतरला असला तर थोडीबहुत भरपाई मिळते, बाकी गेलें. सुरक्षित प्रदेशांत दंगा करणाऱ्यास शासन करणारें पोलीसदल आहे, पण तें गुन्हा झाल्यावर येतें, आधीं नव्हे. दूरच्या प्रदेशांत तर तेंहि नाहीं. आमच्या पुतण्यानें तीन महिने जमविलेला माल एका नव्या स्नेह्याच्या भरंवशावर परक्या मुलुखांतून नेला. स्नेह्यानें वाट दाखविली ती दरोडेखोरांच्या तोंडीं. त्या रात्रीं तो जेवला नाहीं. खेळांतल्या जहाजासाठीं पानावरून उठावें ह्याचें घरांत हंसें झालें, पण त्याचा चेहरा पाहून आम्हांस हंसूं आलें नाहीं. विश्वासघात झाला होता तो खऱ्या माणसाकडून.

आणि असला विश्वासघात खेळाच्या नियमांत बसतो, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. २००९ च्या फेब्रुवारींत ‘बँड ऑफ ब्रदर्स’ नामक अति बलाढ्य संघाचा एक संचालक शत्रूस फितूर झाला आणि आपल्या अधिकारांत त्यानें तो संघच विसर्जित करून टाकला. वर्षानुवर्षें लढून जें शत्रूस साधलें नव्हतें तें घरच्याच माणसानें चार बटनें दाबून साधलें. कंपनीनें हस्तक्षेप केला नाहीं. मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यास फितुरी नवी नाहीं. परंतु वीस वर्षांच्या मुलानें ती करमणूक म्हणून शिकावी काय, हा आमचा आक्षेप अजून मिटलेला नाहीं. पुतण्याचें म्हणणें असें कीं, जेथें फसविण्यास मोकळीक आहे तेथेंच न फसविणाऱ्याची किंमत कळते.

लढायांचें एकच उदाहरण देतों. २०१४ च्या २७ जानेवारीस बी-आर५आरबी नांवाच्या सूर्यमालेंत, त्या मालेवरील ताबा राखण्यासाठीं भरावयाचा हप्ता वेळेवर पोंचला नाहीं. त्या जागीं एका पक्षाचें आरमार व सामान ठेवलेलें होतें. बातमी फुटतांच शत्रु धांवून आला, आणि एकमेकांच्या मदतीस हांका मारतां मारतां साडेसात हजारांवर खेळाडू त्यांत गुंतले. इतकी गर्दी यंत्रास पेलवेना म्हणून काळच मंद करण्यांत आला, एका सेकंदाची हालचाल घडावयास दहापट वेळ लागे. लढाई सुमारें २१ तास चालली. टायटन नांवाचीं प्रचंड जहाजें बांधावयास कित्येक आठवडे आणि शेंकडों जणांचे श्रम लागतात. तशीं ७५ तेथें नष्ट झालीं. खऱ्या पैशांत हिशेब केला तर नुकसान सुमारें ३ लक्ष डॉलरांचें झालें असें म्हणत. त्यांचे सांगाडे कंपनीनें त्या ठिकाणीं स्मारक म्हणून राहूं दिले आहेत. एक हप्ता चुकला, एवढेंच कारण! घरांतील विम्याचे हप्ते आम्ही भरतों. ही कथा ऐकल्यापासून तारखा भिंतीवर लिहून ठेविल्या आहेत.

पण आमचें मन वळलें तें निराळ्या हकीकतीनें. शॉन स्मिथ हा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यांतील गृहस्थ ह्या खेळांत ‘व्हाइल रॅट’ ह्या नांवानें वावरे, आणि तेथेंहि त्याचें काम वकिलातीचेंच, तह करण्याचें, भांडणें मिटविण्याचें होतें. २०१२ च्या ११ सप्टेंबरीं लिबियांतील बेनगाझी येथें झालेल्या हल्ल्यांत तो मारला गेला. हल्ल्याच्या आधीं तो ह्या सोबत्यांशींच बोलत होता. बातमी आल्यावर खेळाडूंनीं आपल्या ताब्यांतील ठाण्यांस त्याचें नांव दिलें. ज्यांच्याशीं तो लढला होता त्यांनींहि दिलें. त्याच्या कुटुंबासाठीं निधीहि जमविण्यांत आला. ज्यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलें नव्हतें अशीं हीं माणसें.

शास्त्राच्या कामींहि ह्या फुरसतीचा उपयोग झाला आहे. पेशींतील प्रथिनें कोठें असतात तें छायाचित्रांवरून ओळखण्याचें काम २०१६ पासून खेळांतच घालण्यांत आलें. तीन लक्षांवर खेळाडूंनीं सुमारें ३ कोटि ३० लक्ष निर्णय दिले, आणि त्यावरील निबंध २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें परक्या ताऱ्यांभोंवतींचे ग्रह शोधण्याचें कामहि असेंच झालें.

राहतां राहिला झोंपेचा प्रश्न, आणि आमच्या घरांत खरा तंटा त्याचाच होता. युरोपांत रात्रींचे आठ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. मोठ्या स्वाऱ्या त्याच वेळीं निघतात, व ज्या संघाचें मीठ खावें त्याच्या हांकेस धांवलें पाहिजे. सहामाहींत त्याचे गुण उतरले. त्याच्या वडिलांनीं यंत्रच कपाटांत ठेवण्याचें ठरविलें होतें. आम्ही मध्यें पडलों. तोडगा मात्र त्यानेंच काढला. यंत्राची रोजची सफाई आपल्या साडेचार वाजतां होते, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियांतील खेळाडूंची रात्रीची बैठक रंगांत येते. जुना संघ सोडून तो त्यांच्या संघांत गेला. सोडतांना जुन्या सोबत्यांस त्यानें सविस्तर पत्र लिहिलें, आपल्याकडील सामायिक मालाचा हिशेब पै-पैनें चुकता केला, आणि त्यांनींहि त्यास एक लहानसें जहाज निरोपादाखल दिलें.

आतां तो साडेपांचास बसतो आणि देवापाशीं दिवा लागतां लागतां उठतो. शनिवारीं थोडा उशीर होतो. त्याची आजी तेवढ्या वेळांत एकदां दाराशीं येऊन विचारते, “आलें का रे तुझें गलबत?”