‘फ’ तुकडीची मुलं आणि सुमित्राताई

वाचकहो, तुमच्या घरात यंदा कुणी दहावीला आहे का? असेल, तर मी काय सांगते आहे ते तुम्हाला चटकन कळेल. टीव्ही बंद, गावाला जाणं बंद, आणि परीक्षा संपली तरी निकालापर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. आम्ही राहतो सुरतेच्या कतारगाममध्ये. बोर्ड गुजरातचं, पण घरोघरची तऱ्हा तीच!

आम्ही मूळचे बेळगावच्या वडगावातले. सासूबाई कन्नडमधून विचारणार आणि मुलं मराठीतून उत्तर देणार, असं आमचं घर. यजमान यंत्रमागाच्या धंद्यातले, म्हणून सुरत गाठली. कतारगाम म्हणजे हिऱ्यांचे कारखाने आणि भरतकामाची यंत्रं. शेजार बहुतेक सौराष्ट्रातल्या मंडळींचा, पण आमच्या इमारतीत जळगाव-धुळ्याकडची चार मराठी घरंही आहेत. आम्हा बायकांना जोडणारा धागा म्हणजे सुमित्रा भावे यांचे चित्रपट. १९ एप्रिल २०२१ रोजी पुण्यात सुमित्राताई गेल्या. तेव्हापासून दरवर्षी त्या सुमारास कुणाच्या तरी घरी जमायचं, पोहे-चहा करायचा आणि त्यांचा एक चित्रपट सगळ्यांनी मिळून पाहायचा, असा आमचा नेम आहे.

यंदा मुलंही बसणार म्हटल्यावर आधी वादच झाला. कॉलेजातल्या मुलीला ‘सैराट’ हवा होता. माझ्या लेकीनं लगेच सांगितलं, की त्याचा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ २०१७ साली आला आणि त्यातही रिंकू राजगुरूच आहे. कुणी ‘टाईमपास’ म्हणालं, कुणी ‘शाळा’. कासरगोडची कन्नड शाळा वाचवणाऱ्या मुलांवरचा रिषभ शेट्टी यांचा २०१८ सालचा चित्रपटही निघाला. तो तर आपल्या सीमाभागातल्या माणसाला आपलाच वाटतो, होय की नाही? शेवटी सगळ्यांत मोठ्या काकूंनी निकाल दिला, “दहावीची पोरं घरात आहेत, ‘दहावी फ’च लावा.”

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचा हा चित्रपट २००२ सालचा. शाळेतली ‘फ’ तुकडी म्हणजे कमी मार्कांची, गरीब घरांतली मुलं. वरच्या तुकडीतल्या मुलांकडून अपमान झाल्यावर ती चिडून शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. आता शिक्षा काय, तर काढून टाका, असंच कुणीही म्हणेल. पण त्यांचे देशमुख सर वेगळी वाट काढतात. झालेलं नुकसान मुलांनी स्वतः कष्ट करून भरून द्यायचं. सरांचं काम केलंय अतुल कुलकर्णी यांनी. त्यांचा जन्म आपल्या बेळगावचा आणि चित्रपटातलं पदार्पणही ‘भूमिगीता’ या कन्नड चित्रपटातून. हे सांगितल्यावर सासूबाई जरा पुढे सरकून बसल्या!

सुमित्राताई आधी समाजकार्यातल्या. झोपडपट्टीतल्या बायकांचं जगणं जवळून पाहताना त्या चित्रपटाकडे वळल्या आणि १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट केला. त्यामुळे त्यांच्या चित्रपटात उनाड पोरगा खलनायक होत नाही. हा असा का वागतो, हे त्या आधी विचारतात. ‘दोघी’मधल्या बहिणी असोत, नाहीतर २०१६ सालच्या ‘कासव’मधला जगण्याला कंटाळलेला तरुण, त्यांची नजर तीच. त्याच ‘कासव’ला पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं.

पण त्या दुपारी आमच्यासाठी प्रश्न पुरस्कारांचा नव्हता. धुळ्याकडच्या वहिनींचा मुलगा यंदाच दहावीला बसलेला. सराव परीक्षेत गणित आणि विज्ञान दोन्ही गेलेले. वर्गात त्याला मागच्या बाकावर वेगळं बसवत. वडील हिऱ्याच्या कारखान्यात. मंदीमुळे त्यांचं काम आठवड्यातून चारच दिवस. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की पास झाला तर ठीक, नाहीतर सरळ कामाला लावायचं. वहिनी रोज माझ्याकडे येऊन डोळे पुसायच्या. “ताई, ह्याच्या हाताखाली अजून तीन भावंडं आहेत, मी तरी काय म्हणू?”

चित्रपट चालू असताना तो मुलगा एकदाही उठला नाही. मुलं पैसे मिळवायला राबतात, तो भाग आला तेव्हा त्याचे वडील दारात उभे राहून पाहत होते. संपल्यावर कुणी बोलेना. मग तेच मुलाला म्हणाले, “तुला काय करायचंय?”

मुलगा खाली बघूनच म्हणाला, “नापास झालो तर परत बसायचंय. सकाळी धागे कापायला जाईन, फीचे पैसे मी भरीन.”

वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि “बघू” म्हणाले. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. घरखर्चाचं गणित एका चित्रपटानं सुटत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. पण गेल्या दोन महिन्यांत त्या घरात मुलाला कुणी काही विचारलंच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

निकाल यायचा आहे. काय लागेल ते लागो. तुमच्याही घरात असं एखादं पोर असेल, तर निकालाच्या आधी एक दुपार काढा. मराठी नीट कळत नसेल, तर अज्जीला शेजारी बसवून कन्नडमध्ये सांगत सांगत पाहा. आणि पाहून झाल्यावर मार्कांचं काही बोलू नका. तुला काय करायचंय, एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.