इजिप्तची माती, इजिप्तचा दगड

 गिझाचे पिरॅमिड पाहून झाल्यावर बहुतेकांच्या मनात एक समज पक्का बसतो: प्राचीन इजिप्शियन माणूस जन्मभर मरणाचाच विचार करत होता. कबरी, ममी, थडग्यांतली सोन्याची भांडी, देवळे यांपलीकडे त्याने दुसरे काही मागे ठेवलेले दिसत नाही, मग असे वाटणारच. माझ्या मते हा समज चुकीचा आहे. तो त्या लोकांच्या स्वभावातून आलेला नसून त्यांच्या बांधकामाच्या साहित्यातून आलेला आहे. दगड टिकला, माती गेली, आणि जे टिकले त्यालाच आपण सगळा इजिप्त समजून बसलो. माळवदाच्या घरात वाढलेल्या जालना जिल्ह्यातल्या वडीगोद्रीच्या वाचकाला हे समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत. दोन-अडीच हात रुंद मातीच्या भिंती, त्यांवर तुळया, तुळयांवर बारीक लाकडांची दाट रांग, तिच्यावर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. असे घर चार पिढ्या सुखाने नांदते, पण माणसे गाव सोडून गेली आणि पावसाळ्याआधी वर माती टाकणारे कोणी उरले नाही, की थोड्याच वर्षांत त्याचा ढीग होतो. त्याच गावातले दगडी देऊळ मात्र उभे राहते. हजार वर्षांनी कोणी येऊन फक्त ते देऊळ पाहिले, तर या गावचे लोक देवळातच राहत होते असे त्याला वाटेल.

इजिप्तमध्ये नेमके हेच झाले. नाईलच्या गाळात भुसा कालवून साच्यात विटा पाडायच्या, त्या उन्हात वाळवायच्या आणि मातीनेच जोडायच्या, ही तिथली रोजची बांधकामाची रीत होती. छताला खजुराची खोडे, वर बोरू किंवा चटया, आणि त्यावर माती. शेतकऱ्याचे घर असे होते आणि राजाचा वाडाही असाच होता. तिसऱ्या अमेनहोतेपने इ.स.पू. चौदाव्या शतकात थीब्ज शहराच्या पश्चिमेला मल्काता येथे मोठा राजवाडा उभारला तो कच्च्या विटांचा. भिंतींना गिलावा होता, छतावर उडते पक्षी आणि जमिनीवर पाणथळातली झाडेझुडपे रंगवलेली होती. ज्या राजाच्या देवळासमोरचे दोन दगडी पुतळे, म्हणजे मेम्नॉनचे प्रचंड पुतळे, आजही शेतात बसलेले दिसतात, त्याचे राहते घर मातीचे होते. तेव्हा माती म्हणजे गरिबीची खूण, हा आपला आजचा हिशेब तिथे लागू पडत नाही.

दगड स्वतःच याची साक्ष देतो. सक्कारा येथे इ.स.पू. २६५० च्या सुमारास जोसर राजासाठी पायऱ्यांचा पिरॅमिड बांधला गेला. त्याचा कारभारी इम्होतेप याच्याकडे परंपरेने या कामाचे श्रेय जाते. एवढ्या मोठ्या प्रमाणावरची दगडी वास्तू जगात याआधी नव्हती. तिच्या प्रवेशाच्या दालनातले खांब जवळून पाहावेत: बोरूच्या जुड्या एकत्र बांधाव्यात तशा उभ्या रेघा त्यांवर कोरल्या आहेत. डोक्यावरचे दगडी छत गोल ओंडके शेजारी शेजारी मांडल्यासारखे घडवले आहे. काही ठिकाणी दारे अर्धवट उघडी आहेत, पण ती दगडाचीच असल्यामुळे कधीच हलणार नाहीत. दगडाचे तुकडे लहान आहेत, जवळजवळ विटेच्या सवयीने रचलेले. खांब मोकळे उभे करण्याचे धाडसही गवंड्यांना झालेले नाही. प्रत्येक खांब आखूड भिंतीने मागच्या भिंतीशी जोडून घेतला आहे. हात दगडावर चालत होते, पण डोळ्यांपुढे लाकूड, बोरू आणि माती होती. पुढे सुमारे चौदाशे वर्षांनी कर्नाकच्या देवळाच्या भव्य सभामंडपात १३४ खांब उभे राहिले, मधले बारा तर सुमारे २१ मीटर उंच, आणि तेही पपायरसच्या देठाचे आणि फुलाचे रूप घेऊन. त्याच कर्नाकच्या पहिल्या दरवाजाच्या मनोऱ्याला आतल्या अंगाने कच्च्या विटांचा एक चढ अजून टेकून आहे. बांधकामासाठी रचलेला आणि नंतर काढायचा राहून गेलेला हा चढ. एवढा दगड वर चढला तो मातीच्या आधाराने.

लाकडाची दगडात नक्कल करण्याची हीच गोष्ट आपल्याकडे भाजे आणि कार्ले येथील लेण्यांत दिसते. भाजे येथील चैत्यगृहात खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा भार बाहेर ढकलू नये म्हणून खांब असे तिरपे रोवावे लागतात. डोंगर आतून कोरून काढताना त्याची काहीच गरज नव्हती. कार्ल्याच्या कमानी छताला सागवानी फासळ्या आजही आहेत, आणि त्या छत पेलत नाहीत. डोळ्यांना सवय होती म्हणून बसवलेल्या आहेत. ज्या घरांची आणि सभागृहांची ही नक्कल आहे, त्यांतले एकही उरलेले नाही. आपल्याच जालना जिल्ह्यातले भोकरदन घ्या. सातवाहन काळातले हे भोगवर्धन. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानांची नोंद सांची आणि भारहुतच्या दगडांवर आहे. म्हणजे माणसे भोगवर्धनची, पण त्यांची नावे टिकली मध्य प्रदेशातल्या दगडावर. त्यांची घरे भोकरदनच्या मातीत गेली आणि १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी तिथे खोदले तेव्हा कुठे त्यांच्या राहणीचा काही मागमूस लागला.

आता आक्षेप. पहिला असा, की माती गेली हे मान्य, पण दगड कशासाठी वापरायचा हे त्यांनीच ठरवले ना? घराला माती आणि कबरीला दगड, यातूनच मरणाचे वेड दिसते. या आक्षेपात तथ्य आहे. टिकण्याची अपेक्षा त्यांनी देवाकडून आणि मृताकडून केली, घराकडून नाही, हे खरेच. पण त्या कबरींच्या भिंतींवर काय रंगवले आहे ते पाहिले पाहिजे. देर अल्-मदिना या कबरी घडवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत सेन्नेजेम नावाच्या माणसाची कबर आहे. तिथे तो आणि त्याची बायको मृत्यूनंतरच्या भूमीत दिसतात: तो बैलांचा नांगर धरतो, ते दोघे पीक कापतात, बाजूला पाण्याचे पाट आणि फळांनी लगडलेली झाडे. मेल्यावर या माणसाला हवे होते ते शेत, बैल, पाणी आणि बायकोची सोबत. ही जगण्याची ओढ आहे. दगड निवडला तो हे जगणे संपू नये म्हणून.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. इजिप्तमध्ये पाऊस नाहीच म्हणावा इतका कमी. मग माती का विरघळावी? वाळवंटाच्या कडेला ती विरघळलीही नाही. अबायडॉस येथे खासेखेम्वी राजाचे विटांचे आवार साडेचार हजारांहून अधिक वर्षे उभे आहे. दुसऱ्या रामसेसच्या देवळामागची धान्याची कोठारे, तीही कच्च्या विटांच्या कमानींची, आजही पाहता येतात. पण माणसे राहत होती ती प्रामुख्याने नदीकाठच्या गाळात. तिथे पूर होता, ओल होती, आणि त्याहून मोठे कारण म्हणजे माणूस. जुन्या वस्तीची माती शेताला खत म्हणून चांगली, हे तिथल्या शेतकऱ्याला ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकात टेकाडेच्या टेकाडे खणून शेतात पसरली गेली. अमार्नाची प्रसिद्ध मातीची पत्रे १८८७ मध्ये उजेडात आली तीही गावकऱ्यांच्या अशाच खणण्यातून. अमार्ना हे अखेनातेन राजाचे शहर थोड्याच वर्षांत ओस पडले आणि वाळवंटाच्या कडेला असल्यामुळे बऱ्याच अंशी वाचले, म्हणून तिथली घरे, विहिरी, कार्यशाळा आपल्याला माहीत आहेत. नेफरतितीचा जगप्रसिद्ध मुखपुतळा १९१२ मध्ये तिथेच सापडला, एका शिल्पकाराच्या मातीच्या घरात.

माती नीट खणली की चित्र कसे बदलते, याचा पुरावा पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात आहे. अखेनातेनच्या काळी घोड नदीकाठी हे गाव नांदत होते. भव्य दगडी वास्तू एकही नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षे घरे उकलली, आणि लोक जव खात होते, चुली कशा होत्या, धान्य कुठे साठवत होते हे कळले. मेलेल्या मुलांना ते दोन रांजण तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखालीच पुरत. नुसती ही दफने सापडली असती, तर इनामगावकरही मरणाचे वेडे ठरले असते.

गोदाकाठच्या आपल्या गावांत जुन्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती अजून माळवदासाठी आणि भिंतींसाठी नेली जाते. वाचकांना दोन विनंत्या आहेत. पांढरी खणताना नक्षीची खापरे, मणी, नाणी किंवा भाजक्या विटांची रचना दिसली, तर फावडे थांबवा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा तुमच्या ओळखीच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना कळवा. आणि घरातले माळवद उतरवून स्लॅब टाकायचा असेल तर जरूर टाका, पण त्याआधी भिंतीची रुंदी मोजा, छताचे थर वरून खाली क्रमाने लिहा, त्यांची नावे घरातल्या जाणत्या माणसाला विचारा आणि चार छायाचित्रे काढून ठेवा.