स्फोट आणि हशा : स्पाइक मिलिगन

ब्रिटिश रेडिओविनोदाला नवे वळण देणारा स्पाइक मिलिगन १६ एप्रिल १९१८ रोजी आपल्या अहमदनगरला जन्मला. वडील आयरिश, ब्रिटिश हिंदी लष्करात नोकरीला. बालपण पुणे आणि रंगून इथे गेले; किशोरवयात तो लंडनला पोहोचला.

त्याचा 'द गून शो' बीबीसीवर २८ मे १९५१ रोजी 'क्रेझी पीपल' या नावाने सुरू झाला आणि जानेवारी १९६० पर्यंत चालला. पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम सोबतीला. लेखनाचा मुख्य भार मात्र मिलिगनवर. एरिक साइक्स, लॅरी स्टीफन्स यांनी अधूनमधून हात लावला. जे रंगमंचावर दाखवता येत नाही ते कानांना दाखवता येते, हे त्याने ओळखले. 'नेपोलियन्स पियानो' (१९५५) या भागात नायक लूव्रमधला पियानो पळवतो आणि त्याच्यावरच बसून इंग्लिश खाडी ओलांडतो!

या मालिकेला 'निरर्थक विनोद' म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. यातला ब्लूबॉटल हा पोरगा वारंवार स्फोटात उडतो आणि पुढच्या आठवड्यात धडधाकट परततो. हे लिहिणारा माणूस १९४४ च्या जानेवारीत इटलीच्या आघाडीवर उखळी तोफेच्या माऱ्यात जखमी झाला होता. जखम भरली, मन सावरले नाही. बढती काढून घेऊन त्याला आघाडीवरून हटवले गेले. हिंदुस्थानातून परतलेला भित्रा, लाचखाऊ मेजर ब्लडनॉकही मला हवेतून आलेला वाटत नाही. साहेबी रुबाब सैनिकाच्या पोराने आणि पुढे स्वतः तोफखान्यातल्या शिपायाने, दोन्ही वेळा खालून पाहिला होता.

दर आठवड्याला नवी संहिता देण्याची किंमतही मोठी होती. १९५२ च्या अखेरीस तो कोसळला, रुग्णालयात गेला. नैराश्याचे झटके पुढे आयुष्यभर येत राहिले आणि त्यांविषयी तो उघडपणे बोलला, तेही असे बोलणे कमीपणाचे मानले जात होते त्या काळात.

ज्या सैन्यासाठी तो लढला, त्याच देशाच्या पासपोर्टवरचा त्याचा हक्क साठच्या दशकात जन्मस्थळामुळे अडचणीत आला. त्याने आयरिश नागरिकत्व पत्करले. २००२ मध्ये तो वारला. विंचेल्सीच्या चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यावर आयरिश भाषेत कोरले आहे : मी आजारी आहे, हे तुम्हाला सांगितले होते. लोक ते वाचून हसतात. त्याने मात्र ते खरोखरच सांगितले होते.